सिंधूने दिलेली जबानी

मागच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात ‘एकच प्याला’तील निवडक प्रवेशांचे वाचन झाले. आम्ही नेहमीप्रमाणे सतरंज्या घालणे, माईकची वायर ओढणे, चहाचा हिशेब ठेवणे या खात्यात होतो. त्यामुळे वाचन अर्धेमुर्धेच कानावर पडले. शेवटचा प्रवेश मात्र खांबाला टेकून उभ्याने पूर्ण ऐकला. टाळ्या झाल्या. आरतीला अजून वेळ होता, द्रोण भरणे चालू होते. तेवढ्यात बारावीत शिकणारी आमची पुतणी जवळ येऊन म्हणाली, “काका, त्या बाईने पोलिसांना खरं का नाही सांगितलं?”

आम्ही काही बोलण्याआधी शेजारच्या एक काकू म्हणाल्या, “अगं, पतिव्रता होती ती.”

“हो, पण बाळ तर गेलंच ना?” पुतणी म्हणाली.

काकूंनी द्रोणाकडे पाहिले, आम्ही वायरीकडे. पुढे आरती सुरू झाली आणि विषय राहिला. स्मरणिकेसाठी लेख द्या असे यंदा संपादकांनी सांगितले, तेव्हा तोच राहिलेला विषय हाती घ्यावा असे ठरवले.

आधीच सांगून ठेवतो, आम्ही साहित्याचे अभ्यासक नव्हे. स्थापत्याचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, त्याला वीस वर्षांवर काळ झाला. आमच्या कामात काँक्रीटचा ठोकळा असतो, १५० मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा. ओतल्यावर २८ दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचा. नुसत्या डोळ्यांना सगळे ठोकळे सारखेच दिसतात. सिमेंटात कोणी हात राखला आणि कोणी नाही, ते यंत्राचा काटा चढू लागला की कळते. नाटक-कादंबरीतली माणसे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे तो ठोकळा येतो. ‘तो फार स्वाभिमानी होता’ असे लेखकाने शंभर वेळा लिहिले तरी ते लेबल झाले. भार पडल्यावर तो काय करतो, तो खरा माणूस.

आता हेच नाटक का, तर त्याचे आपल्या गावाशी नाते आहे. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी आपल्या बडोद्यात केला. लेखक राम गणेश गडकरी तो पाहायला नव्हते. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाची चौतीस वर्षेही पुरी व्हायच्या आत, नागपूरजवळच्या सावनेर येथे क्षयाने त्यांचा अंत झाला होता. मृत्यू आणि प्रयोग यांत अंतर बरोबर २८ दिवसांचे. हा योगायोग आमच्यासारख्या ठोकळेवाल्यालाच जाणवणार, तो सोडून द्या. पण गडकरी जन्मले ते नवसारीला, २६ मे १८८५ रोजी, आणि नवसारी तेव्हा गायकवाडांच्या राज्यात होती. म्हणजे हा माणूस जन्माने बडोदे संस्थानचा, आणि त्याचे सर्वांत गाजलेले नाटक प्रथम उभे राहिले तेही बडोद्यात. पुण्या-मुंबईच्या नातलगांनी ‘तुमच्याकडे कसलं मराठी’ असे म्हटले, तर एवढे त्यांना सांगायला हरकत नाही.

हे नाटक आले तेव्हा मराठी रंगभूमी कुठे होती, ते थोडक्यात पाहू. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० चे, ‘सौभद्र’ १८८२ चे. नाटके उत्तम, पण अर्जुन-सुभद्रेचे पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आजीच्या मांडीवर बसल्यापासून माहीत. तिथे उत्सुकता असते ती ‘कसे’ची. मग १८९९ मध्ये देवलांची ‘शारदा’ आली, तिचा पहिला प्रयोग इंदूरला झाला. (मोठी मराठी नाटके महाराष्ट्राच्या सीमेबाहेर आधी का उभी राहत, याचे उत्तर संस्थानिकांच्या उदार हातात आहे, तो वेगळ्या लेखाचा विषय.) शारदेत माणसे आपल्या शेजारची आहेत, पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला देणारा बापही शेजारचाच. पण शारदेच्या हाती निवड फार थोडी. तिच्यावर संकट कोसळते आणि प्रेक्षक तिच्यासाठी हळहळतो.

सुधाकराचे तसे नाही. त्याच्यावर येणारे पहिले संकट तसे पाहिले तर किरकोळ आहे. तो हुशार वकील, स्वतःच्या कर्तबगारीवर वर आलेला. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, अपमान होतो, आणि काही काळापुरती सनद जाते. एवढेच. आमच्या नोकरीत असे मेमो किती जणांना मिळतात! चार दिवस घरी तोंड वाकडे करून बसतात आणि पाचव्या दिवशी कामाला लागतात. सुधाकराला ते जमत नाही, कारण ज्या मानीपणावर तो उभा राहिला त्याच मानीपणात तडा गेला. कारकून तळीराम जवळ येतो आणि दुःख विसरायला फक्त एकच प्याला घ्या म्हणतो.

गडकऱ्यांनी सुधाकराला वाईट केले नाही, गरीब केले नाही, मूर्खही केले नाही. बिघडण्याची नेहमीची सगळी कारणे बाजूला काढली आणि फक्त एक ठेवले. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांवर निदर्शने झाली होती. व्यसनाविरुद्ध व्याख्याने, कीर्तने, पत्रके यांना तेव्हा तोटा नव्हता. पत्रकातला दारुड्या वाचणाऱ्याला नेहमी ‘दुसरा कोणीतरी’ वाटतो. सुधाकर तसा वाटत नाही, आणि पांढरपेशा प्रेक्षकाला तो खुर्चीत चुळबुळायला लावतो तो यामुळेच.

त्याच्या उतरणीत आम्हाला सर्वांत खरी वाटते ती मधली एक जागा. तो दारू सोडायचे ठरवतो, मनापासून ठरवतो. काम मागायला बाहेर पडतो. आणि ज्यांनी काल त्याला नावे ठेवली, तेच आज त्याला दारात उभे करीत नाहीत. तिथून तो परत प्याल्याकडे वळतो. इथे प्रेक्षकाला दोन्ही गोष्टी एकदम दिसतात : समाजाने त्याला ढकलले हे खरे, आणि दुसऱ्या कोणी तोच अपमान गिळून तिसरे दार ठोठावले असते हेही खरे. पुढल्या दाराशी जायचे की मागे फिरायचे ही निवड त्याचीच होती. व्याख्यानात हे दोन्ही एकत्र बसत नाही. वक्त्याला एकच बाजू घ्यावी लागते.

तळीरामाबद्दल फार लिहीत नाही. विनोदी पात्र म्हणून तो सगळ्यांना पाठ आहे, त्याच्या आर्यमदिरामंडळाची भाषणे तर आजच्या कुठल्याही सभेत खपतील. मरणाच्या खाटेवर असतानाही त्याच्या उशाशी वैद्य आणि डॉक्टर भांडतात, आणि प्रेक्षक हसतो. पण संकटाने बदलत नाही असा नाटकात तोच एक. भार घातला काय, काढला काय, काटा हलतच नाही, कारण आत धरून ठेवायचे काही उरलेलेच नाही. उलट भगीरथ त्याच मंडळात बसणारा, तरी तो उठतो आणि बाहेर पडतो. एकाच बैठकीतले दोघे.

रामलालकडे मात्र वाचकांनी पुन्हा एकदा पाहावे असे आम्ही सुचवू. तो डॉक्टर, सुधाकराचा मित्र, नाटकातला शहाणा माणूस. सुधाकराची विधवा बहीण शरद त्याच्या देखरेखीखाली शिकते, त्याला वडिलांच्या जागी मानते, आणि या शहाण्या माणसाच्या मनात तिच्याविषयी नको ती ओढ निर्माण होते. दारू न पिणाराही घसरतो, हे गडकऱ्यांनी मुद्दाम मांडले असावे. फरक असा की रामलाल स्वतःला पकडतो. स्वतःच्या मनाची लाज वाटून तो भगीरथाच्या वाटेतून बाजूला होतो. टाळ्या सगळ्या सुधाकर-सिंधूला मिळतात. पण स्वतःवर विजय मिळवणारा या नाटकात कोणी असेल तर तो रामलाल. प्रयोगाची लांबी कमी करताना कात्री त्याच्याच प्रवेशांना लागते याचे आम्हाला वाईट वाटते. मागच्या वर्षी आपल्याकडेही लागली.

आता सिंधू.

बालगंधर्वांनी सिंधू केली आणि गणपतराव बोडसांनी सुधाकर. गंधर्व मंडळी म्हणजे वैभव : भरजरी शालू, उंची पडदे, अत्तराचा घमघमाट. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय तिला होता. बालगंधर्व आज कोणते लुगडे नेसतात हे पाहायला घरोघरच्या बायका जात. त्या बायकांसमोर या नाटकात ते ठिगळ लावलेले जाडेभरडे लुगडे नेसून आले आणि दळायला बसले. कौतुकाने पाहायला आलेल्यांना रडू आवरेना, असे त्या काळचे लोक सांगत. हिऱ्यामोत्यांतल्या माणसाने ठिगळ स्वीकारले, हे आम्हाला मोठे धाडस वाटते.

सिंधूचे माहेर श्रीमंत आहे. भाऊ पद्माकर बहिणीसाठी काय वाटेल ते करील. पण माहेरचा पैसा घ्यायचा नाही हे व्रत ती शेवटपर्यंत पाळते, आणि लोकांची दळणे दळून मुलाच्या तोंडी घास घालते. आपल्याकडे हिला सहनशीलतेची मूर्ती म्हणतात. आमचे मत थोडे निराळे आहे. सिंधू सहनशील आहे त्याहून जास्त मानी आहे. सुधाकरात जो मानीपणा, तोच तिच्यात. दोघांनाही कोणापुढे हात पसरायचा नाही. त्याचा मानीपणा त्याला प्याल्याकडे नेतो, तिचा तिला जात्याकडे. धातू तोच; एका ठिकाणी मोडला, दुसऱ्या ठिकाणी मोडला नाही. हे ध्यानात घेतले की ती देव्हाऱ्यातली बाहुली राहत नाही, दळून दळून हाताला फोड आलेली माणूस होते.

आणि मग शेवट. नशेत सुधाकराच्या हातून मूल जाते, सिंधूला जिव्हारी घाव बसतो. फौजदार येतो. ती मरणाच्या दारात असताना त्याला सांगते की आपण पडलो. नवऱ्याचे नाव घेत नाही. पुतणीचा प्रश्न इथला.

तिच्या काळाच्या मोजमापाने पाहिले तर उत्तर काकूंनी दिले तेच. पण गडकऱ्यांनी त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता ठेवली आहे हे विसरू नये. गीता तोंडाची फटकळ. नवऱ्याचे पिणे ती पदराखाली झाकत नाही, चारचौघांत बोलून दाखवते. सिंधूची वाट हीच एक वाट असे लेखकाला म्हणायचे असते, तर गीतेची गरज नव्हती. प्रेक्षकांनी सिंधूला हृदयात जागा दिली आणि गीतेला हसून सोडले, ही निवड गडकऱ्यांची कमी आणि आपली जास्त. पात्रांची पारख संकटात होते तशी प्रेक्षकांचीही कोण टाळ्या घेतो त्यावरून होते.

इथे बडोद्याचा इतिहास पुन्हा आड येतो. या राज्यात बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९०४ सालीच झाला होता, आणि १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे झाले. म्हणजे सिंधू प्रथम उभी राहिली तेव्हा समोर बसलेल्यांत सक्तीने का होईना पण शिकलेल्या मुलीही असू शकत. आणि तिच्यानंतर बाराच वर्षांनी, १९३१ मध्ये, याच राज्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ मध्ये. नाटकामुळे कायदा झाला असे आम्ही म्हणत नाही, तसा पुरावा आमच्याजवळ नाही. पण ज्या गावाने ठिगळाच्या लुगड्यातली सिंधू पाहून डोळे पुसले, त्याच गावात पुढे अशा बाईला कचेरीची पायरी चढण्याची मुभा मिळाली. चढल्या किती, तो प्रश्न वेगळा. कायदा कागदावर येणे आणि वाड्यात येणे यांत बरेच अंतर असते, हे सरकारी नोकराला कोणी सांगायला नको.

आणि दारूचे म्हणाल, तर मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. १९६० मध्ये गुजरात वेगळे झाले तेव्हा बंदी आपल्याकडे कायम राहिली. म्हणून मुंबईचे पाहुणे आपल्याला विचारतात, ‘तुमच्याकडे हे नाटक आता इतिहासजमाच असेल?’ आम्ही हसतो. जे जाणतात तेही हसतात.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करीत होतो. लिहितोच. ती माणसे आता या जगात नाहीत, आणि नावे आम्ही घालीत नाही.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना ज्या वाड्यात राहत होतो, त्यात वरच्या मजल्यावर एक बिऱ्हाड होते. गृहस्थ दिवसा अत्यंत सज्जन. आम्हा मुलांना पतंगाचा मांजा सुतून देत, उत्तरायणाला तिळाच्या चिक्क्या वाटत. रात्रीचे आवाज खाली येत, आणि आमची आई रेडिओ मोठा करी. त्या घरच्या मावशी पापड लाटून विकायच्या. त्यांचेही माहेर बरे होते, दिवाळीला भाऊ गाडी घेऊन यायचा. त्या त्याला चहा देत आणि हसून बोलत.

एका सकाळी मावशींच्या कपाळाला खोक पडली. घरात कोणी मोठे माणूस नव्हते म्हणून त्यांनी आम्हाला बरोबर घेतले. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता. डॉक्टरांनी टाके घालता घालता विचारले, काय झाले? मावशी म्हणाल्या, “जिन्यावरून पडले.” डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि मग आमच्याकडे पाहून विचारले, “काय रे, जिन्यावरून पडल्या?”

आदल्या रात्रीचे सगळे आम्ही ऐकले होते. मावशींनी आमचा हात धरलेला होता. तो त्यांनी दाबला नाही, काही नाही, नुसता धरलेला होता. आम्ही म्हणालो, “हो.”

परत येताना त्यांनी आम्हाला लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या. आम्ही त्या खाल्ल्या. घरी आईने विचारले तेव्हा तिलाही जिन्याचेच सांगितले, आणि आईने मान डोलावली. तिलाही ठाऊक होते. म्हणजे त्या एका जबानीवर मावशींची, आमची, आईची आणि बहुधा डॉक्टरांचीही सही झाली. सिंधू एकटी खोटे बोलते असे रंगमंचावर दिसते. वाड्यात ते काम एकट्याने होत नाही.

मावशींना आम्ही काय म्हणावे? पतिव्रता म्हणावे तर त्या खोकेचा अपमान होतो, भित्र्या म्हणावे तर त्यांच्या पापडांचा. गृहस्थ वारल्यावर त्या आणखी पुष्कळ वर्षे जगल्या, मुलीला शिकवले, आणि गणपतीत वाड्यातल्या सगळ्यांसाठी एकवीसाच्या हिशेबाने मोदक करीत राहिल्या. त्या दिवसाबद्दल आम्ही त्यांना कधी विचारले नाही. नोकरी लागल्यावर पेढे द्यायला गेलो, तेव्हा विचारता आले असते. मुलीचा पगार किती यावर बोलत बसलो.

हे सगळे आम्ही पुतणीला अलीकडेच सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुम्ही नऊ वर्षांचे होतात, काका. पण तुमची आई तर मोठी होती ना.” यावर आम्ही काय बोलणार? आईने रेडिओ मोठा केला होता, हे तिला सांगून झालेच होते.

यंदा पुन्हा वाचन ठेवले आहे. कार्यकारिणीत आम्ही दोन सूचना केल्या. रामलालचा स्वगताचा प्रवेश कापू नये, आणि गीतेचे प्रवेश घ्यावेत. पहिली वेळेअभावी नामंजूर झाली, दुसरी मंजूर. गीता पुतणीनेच वाचावी असे सगळ्यांना वाटत होते, कारण तिचा आवाज खणखणीत आहे. ती म्हणाली, मी सिंधू वाचणार. गेले पंधरा दिवस संध्याकाळी ती आमच्याकडे तालमीला येते. सगळे प्रवेश बसले, शेवटचा बसत नाही. फौजदारापुढचे वाक्य आले की थांबते आणि विचारते, “काका, हे म्हणताना तिने कोणाकडे पाहिलं असेल?”

आम्ही म्हटले, मावशींनी डॉक्टरांकडे पाहिले नव्हते. खिडकीबाहेर पाहत होत्या.

“मग मी पण तसंच करते,” ती म्हणाली, आणि वही पुन्हा पहिल्या पानावरून उघडली.